कोळ्यावर आळ
(सदर: घर, अंगण, गॅरेज)



गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमधल्या ओलीबद्दल लिहिलं होतं. पंप, पाइप, जमिनीचा उतार यांवर दोन पानं खर्ची घातली. त्यात जाता जाता एक वाक्य होतं: "ओल तिथे किडे आणि किडे तिथे कोळी." वाचकांनी नेमकं तेवढंच उचललं! फोन आले, मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत प्रश्न आले, आणि बहुतेक सगळे एकाच साच्यातले. "सकाळी उठले तर दंडावर ही एवढी लाल गांधी. मधे टिपका. कोळीच चावला असणार. काय लावू?"

तेव्हा या वेळी पंप बाजूला ठेवू आणि कोळ्यांकडे वळू. आधीच सांगतो, आम्ही इंजिनियर आहोत, डॉक्टर नव्हे. पुढचं वाचून कुणी घरच्या घरी उपचार करत बसू नये. पण बिघाड झाला की आधी कारण शोधायचं आणि मग पाना हातात घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली सवय इथे उपयोगी पडते. कारण चुकलं की दुरुस्तीही चुकते. कोळ्याच्या बाबतीत अमेरिकेत नेमकं हेच होत आलंय.

आपली जुनी खोड

हा आळ घ्यायची सवय आपल्याला काही अमेरिकेने लावली नाही. अंगावर बारीक फोडांचा पुंजका उठला की आपल्याकडे आजी लगेच निदान करायची, "कोळी मुतला असेल." मग वर कसलासा लेप. त्यातले पुष्कळसे फोड म्हणजे प्रत्यक्षात नागीण असते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडी मारून बसतो आणि उतारवयात पुन्हा डोकं वर काढतो, ती नागीण. कधी तो पावसाळ्यात दिव्याभोवती येणाऱ्या एका बारीक काळ्या-नारिंगी किड्याचा प्रताप असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. कोळी बिचारा कुठेतरी कोपऱ्यात जाळं विणत असतो.

अमेरिकन माणूसही या बाबतीत आजीपेक्षा फार पुढे गेलेला नाही. सदर्न कॅलिफोर्नियातल्या इमर्जन्सी रूममध्ये "कोळी चावला" म्हणून आलेल्या १८२ रुग्णांचा अभ्यास डॉक्टरांनी केला. त्यांपैकी खरोखर कोळी चावल्याचं निदान झालं फक्त ७ जणांचं. १५६ जणांना कातडीचा जंतुसंसर्ग झालेला होता. म्हणजे शंभरात चार जणांना कोळी आणि शहाऐंशींना जंतू! या दोन्हींवरचे उपचार अगदी वेगळे, हे सांगायला नकोच.

दोनच नावं लक्षात ठेवा

जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांच्या घरात जाती आहेत. जवळजवळ सगळ्यांना विष असतं, कारण भक्ष्याला गार करायला ते लागतंच. पण बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत धड शिरत नाहीत आणि शिरले तरी विष आपल्याला पुरत नाही. बागेत चाकासारखं मोठं जाळं विणणारा, भिंतीवर टुणकन उडी मारणारा, बेसमेंटच्या छताला लांब पायांनी लोंबकळणारा, गवतातून पळणारा केसाळ वुल्फ स्पायडर, हे सगळे चावले तरी गांधीलमाशीच्या डंखाहून जास्त काही होत नाही. वॉशिंग्टन, ऑरेगन भागातल्या होबो स्पायडरला एकेकाळी विषारी ठरवलं होतं, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा पुढे टिकला नाही. अमेरिकेत मनावर घ्यावेत असे कोळी दोनच, ब्लॅक विडो आणि ब्राउन रेक्लूज.

ब्लॅक विडो: हिची मादीच तेवढी महत्त्वाची. (कोळीण म्हणायला हवं, पण कोळीण म्हटलं की आम्हाला पापलेट आठवतं.) शरीर साधारण अर्धा इंच, काळंभोर आणि पॉलिश केल्यासारखं चकचकीत. पोट वाटाण्यासारखं गोल आणि पोटाखाली लाल खूण, वाळूच्या घड्याळासारखी. उत्तरेकडच्या जातीत ती खूण मधे तुटून तिचे दोन ठिपके होतात. ही जाळ्यात उलटी लटकते म्हणून खूण वर दिसते. जाळं मात्र अगदी गबाळं. कसेही ताणलेले, पण चांगले चिवट धागे. थंड उत्तरेकडे कमी, दक्षिणेत आणि पश्चिमेत भरपूर. पण देशाच्या बहुतेक भागांत हिची कुठली ना कुठली जात आहे. लाकडांचा ढीग, पाण्याच्या मीटरचा खड्डा, अंगणातल्या खुर्च्यांची खालची बाजू, बार्बेक्यूचं आवरण, मुलांची पडून राहिलेली खेळणी, ही तिची आवडती बिऱ्हाडं. क्वचित दुकानातल्या द्राक्षांच्या घडातूनही ही घरी येते. द्राक्षं धुऊन खावीत, हे निराळं सांगायला नको.

पूर्वी अंगणात संडास असत, तेव्हा ही बया बैठकीखाली जाळं विणून बसे, आणि चावे कुठे होत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. नळ आणि फ्लश घरात आले, तसे ते चावे कमी झाले. पाइपांनी माणसाचं किती भलं केलं, त्यात हीही एक नोंद करायला हरकत नाही.

ब्राउन रेक्लूज: ही तपकिरी, अंगाने अर्ध्या इंचाहूनही लहान, पाय पसरले तर साधारण एका क्वार्टरएवढी. हिच्या पाठीवर सारंगीसारखी, म्हणजे व्हायोलिनसारखी, गडद खूण असते असं सगळे सांगतात. पण त्या खुणेवर विसंबू नका. तपकिरी कोळ्याच्या पाठीवर शोधलं तर व्हायोलिनच काय, तंबोराही सापडतो. पक्की ओळख डोळ्यांची. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, हिला सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. ते बघायला अर्थातच भिंग हवं, आणि कोळी बरणीत हवा. पाय एकाच रंगाचे. पायांवर पट्टे किंवा जाड काटे दिसले तर ती रेक्लूज नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही सगळ्या अमेरिकेत राहत नाही. नेब्रास्काच्या आग्नेय कोपऱ्यापासून ओहायोच्या नैर्ऋत्येपर्यंत आणि खाली टेक्सासपासून जॉर्जियापर्यंत, एवढाच हिचा मुलूख. म्हणजे कॅन्सस सिटी, सेंट लुइस, टल्सा, डॅलस, मेम्फिस, नॅशविल इथल्या मंडळींनी हिला ओळखून असावं. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात हिच्या चुलत बहिणी आहेत, पण त्या माणसाच्या वस्तीपासून लांबच असतात. न्यू जर्सी, बॉस्टन, सिॲटल, बे एरिया इथे ही नाही. एखादी सामानाबरोबर आलीच तर तेवढीच. तरीही या गावांतून "मला रेक्लूज चावली" सांगणारे ढीगभर भेटतात!

आणि जिथे ही आहे, तिथे तरी किती चावते? कॅन्ससमधल्या लेनेक्सा गावातल्या एका घरात २००१ साली सहा महिन्यांत २,०५५ ब्राउन रेक्लूज पकडले गेले. अभ्यासकांनी एकेक मोजून त्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्या घरात चौघांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहत होतं, आणि एकालाही चाव्याने काही झालं नव्हतं. रेक्लूज या शब्दाचा अर्थच एकान्तवासी. कपड्यात किंवा अंथरुणात चेंगरली तरच ती चावते.

चावली तर काय होतं

दोघींची विषं वेगवेगळ्या जागी काम करतात, म्हणून लक्षणंही वेगळी.

ब्लॅक विडोचं विष मज्जातंतूंवर चालतं. स्नायूंना हुकूम देणारी रसायनं एकदम मोकळी सुटतात. वायरिंगमधला स्विच 'ऑन'वर अडकावा तसं होतं. चाव्याच्या जागी टाचणी टोचल्यासारखं वाटतं, कधी तेही नाही. बाहेरून फारसं काही दिसतही नाही. पण अर्ध्या तासापासून काही तासांत दुखणं वर चढायला लागतं. चावा पायाला असेल तर पोट लाकडासारखं कडक होतं, हाताला असेल तर छाती आणि पाठ आखडते. घाम सुटतो, मळमळतं, ब्लड प्रेशर वाढतं. अपेंडिक्स किंवा हार्ट अटॅक वाटावा इतकं दुखतं. १९३३ साली अलाबामा विद्यापीठातल्या ॲलन ब्लेअर या प्राध्यापकांनी मुद्दाम ब्लॅक विडोला आपल्या बोटाला चावू दिलं आणि काय होतं त्याची नोंद ठेवली. त्यांना वेदनांनी तळमळत हॉस्पिटलात न्यावं लागलं. ते वाचले, आणि हे दुखणं कोळ्याचंच हे पक्कं झालं.

हॉस्पिटलात यावर जोरकस वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात. पूर्वी कॅल्शियमचं इंजेक्शन देत असत, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही असं पुढे दिसून आलं. प्रतिविषही आहे. ते घोड्याच्या रक्तातून काढतात, त्यामुळे काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते. म्हणून डॉक्टर ते विचार करूनच देतात. त्रास साधारण एक ते तीन दिवसांत ओसरतो. मृत्यू फारच क्वचित होतो. पण लहान मुलं, गरोदर बायका आणि ब्लड प्रेशर किंवा हृदयविकार असलेली वडीलधारी मंडळी यांनी वाट बघत बसू नये.

ब्राउन रेक्लूजचं विष कातडीच्या पेशींवर चालतं. चावा बहुधा कळतही नाही. काही तासांनी जागा दुखू लागते. मधे पांढुरकी किंवा निळसर-जांभळी, भोवती लाल कडं. पुष्कळदा गोष्ट तिथेच थांबते आणि आपोआप बरी होते. काहींच्या बाबतीत मधली कातडी मरते, काळी कोरडी खपली धरते आणि जखम भरायला आठवडे, कधी महिने लागतात. अमेरिकेत हिच्यावर प्रतिविष नाही. जखम स्वच्छ ठेवणं, धीर धरणं, हाच मुख्य उपचार. घाईघाईने कापाकापी केली तर जखम वाढते. क्वचित, आणि जास्त करून मुलांमध्ये, विष रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. चाव्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप, उलट्या, अंगभर पुरळ, डोळे पिवळे किंवा लघवी चहासारखी गडद दिसली, तर रात्र असो की पहाट, तडक इमर्जन्सी रूम.

पहिल्या तासात काय करायचं

१. जागा साबणाने आणि पाण्याने धुवा.

२. हातावर असेल तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर काढायला गेलात तर कापाव्या लागतील.

३. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा. बर्फ थेट कातडीवर नको. रेक्लूजच्या विषाचं काम उष्णतेने वाढतं, म्हणून शेकणं वर्ज्य.

४. हात-पाय उशीवर उंच ठेवा.

५. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा, शेजारी वेळ लिहा आणि फोटो घ्या. लाली रेघेबाहेर किती वेळात गेली, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. आमच्या मते घरातलं सगळ्यात स्वस्त मोजमापाचं उपकरण हेच.

६. कोळी दिसला असेल आणि धोका न पत्करता पकडता आला, तर बरणीत घ्या. चपलेने चिरडला गेला असला तरी अवशेष जपून ठेवा. ओळखणाऱ्याला तेवढेही पुरतात.

७. पॉयझन कंट्रोलला फोन करा: १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र केव्हाही, फुकट. हा फोन थेट जाणकार नर्स, फार्मासिस्ट किंवा डॉक्टर घेतात. घरीच थांबलं तर चालेल की निघायला हवं, हे ते सांगतात. दुभाष्यामार्फत अनेक भाषांत बोलता येतं.

८. श्वास लागला, तोंड-जीभ सुजली, शुद्ध हरपली किंवा आकडी आली, तर इतर काही न करता ९११.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारणारच.

काय करायचं नाही, हेही ऐका. ब्लेडने कापू नका, तोंडाने विष ओढू नका, वर आवळून दोरी बांधू नका. चुना तर मुळीच नको. तो स्वतःच कातडी जाळतो. हळद स्वयंपाकघरात उत्तम, पण जखमेवर थापली की तिचा पिवळा रंग लालीवर चढतो आणि डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. १९८०च्या दशकात चाव्याला विजेचा झटका देण्याची टूम निघाली होती. त्याने विष जात नाही, माणूस मात्र भाजतो. आम्ही विजेवर प्रेम करणारी माणसं असलो, तरी हे करू नका.

मग ते कोळी नसेल तर काय?

हा प्रश्न आमच्या मते सगळ्यात मोलाचा. कारण कोळ्याच्या चाव्याने क्वचितच कुणाचं मोठं नुकसान होतं, पण "कोळीच चावलाय, होईल बरं" म्हणून थांबल्याने होऊ शकतं. आपल्या घरांत चार गोष्टी विशेष लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, गळू. इथे नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा एक जंतू फिरतो, त्याला एमआरएसए म्हणतात. लाल, गरम, दुखरा फुगवटा आणि मधे पू. शाळेत कुस्ती, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत, एकच टॉवेल वापरणाऱ्या घरांत पसरतो. पू डॉक्टरांनी काढावा लागतो, कधी वेगळं अँटिबायोटिकही लागतं. मलम लावून आठवडा घालवला तर संसर्ग आत पसरतो.

दुसरी, लाइम रोग. न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, कनेक्टिकट या भागांत हरणांच्या गोचिडीपासून होतो. गोचीड चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत लाल चट्टा उठतो आणि दिवसागणिक मोठा होत जातो. दुखत नाही, फारसा खाजतही नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. वेळेवर अँटिबायोटिक घेतलं तर सहसा पूर्ण बरा होतो. नाही घेतलं तर सांधे, हृदय, मज्जातंतू यांपर्यंत पोचतो.

तिसरी, नागीण. चट्टे अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. बहुधा आधी आग होते आणि मग फोड येतात. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूत साफ खोटी. पण औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर ते चांगलं लागू पडतं, आणि पुढचं महिनोन्‌महिने टिकणारं दुखणं टळण्याची आशा वाढते. कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पन्नाशी उलटलेल्यांसाठी इथे नागिणीची लस आहे, दोन डोसांची. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती अजून घेतलेली नसेल.

चौथी, मधुमेह. आपल्या घरांत याचं प्रमाण किती, ते वेगळं सांगायला नको. मधुमेहाने पायाची संवेदना कमी होते. चप्पल घासून झालेली जखम कळत नाही, आणि दिसते तेव्हा "काहीतरी चावलं असेल" म्हणून सोडून दिली जाते. मधुमेही माणसाच्या पायावरची जखम कोळ्याच्या नावावर कधीही टाकू नका.

डॉक्टरही माणसंच. २००१ साली न्यू यॉर्कमध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या दंडावरची जखम आधी ब्राउन रेक्लूजचा चावा समजली गेली. ती निघाली अँथ्रॅक्स. त्या वर्षी टपालातून पाठवलेल्या विषारी पावडरीचा तो बळी होता. बाळ सुदैवाने बरं झालं. त्या शहरात ब्राउन रेक्लूज राहतच नाही, हे वर आलंच आहे.

२०१७ साली त्वचारोगाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी रेक्लूजचा चावा नसल्याच्या खुणांची यादी दिली. तिचा सारांश असा: एकापेक्षा जास्त जागी जखमा असतील, कोळ्याला चेंगरण्याचा प्रसंगच आला नसेल, एप्रिल ते ऑक्टोबर सोडून इतर महिने असतील, मधला भाग लालभडक किंवा उंच फुगलेला असेल, आठवड्याच्या आतच जखम उघडली असेल, पू-पाणी वाहत असेल, तीन महिने उलटूनही बरी होत नसेल, तर दुसरं कारण शोधा.

म्हणून आमची एक विनंती. कोळी डोळ्यांनी पाहिला नसेल तर डॉक्टरांकडे "कोळी चावला" अशी सुरुवातच करू नका. नुसतं काय दिसतंय, केव्हापासून, किती वाढलं, ताप आहे का, कुठे फिरायला गेला होतात, मधुमेह आहे का, एवढंच सांगा. गाडी मेकॅनिककडे नेऊन आपण "कार्ब्युरेटर गेला" म्हटलं, की तो आधी कार्ब्युरेटरच उघडतो, तसंच हे.

आईबाबा आलेले असताना

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा, सासूसासरे येतात. सकाळी बागेत काम, दुपारी गॅरेज आवरणं. हात स्वस्थ बसत नाहीत. आणि काही झालं तर सांगत नाहीत. "अगं, काही नाही, किडा चावला असेल. तुमच्याकडे डॉक्टर म्हणजे हजारो डॉलर. इन्शुरन्सवाले नंतर हात वर करतील." ही भीती अगदी खोटी नाही, म्हणूनच ती घातक. त्यांना आल्या दिवशीच सांगून ठेवा: "बाबा, अंगावर काहीही उठलं, तरी त्याच दिवशी दाखवायचं. खर्चाचं आम्ही बघू." आणि पॉयझन कंट्रोलचा फोन फुकट असतो, तिथे इन्शुरन्सचं कार्ड लागत नाही, हेही सांगा. एवढं ऐकलं की पुष्कळदा दुखणं आपण होऊन बाहेर येतं.

घर आणि गॅरेज

कोळी घरातून शून्यावर आणता येत नाहीत, आणि आणूही नयेत. ते डास-माश्या खातात. पण आपल्या आणि त्यांच्या जागा वेगळ्या ठेवता येतात.

पुठ्ठ्याची खोकी रेक्लूजला फार प्रिय. सामान घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवा. आपल्या घरातल्या दोन गोष्टींकडे खास लक्ष द्या. एक, वर्षभर ॲटिकमध्ये पडलेलं गणपतीचं मखर आणि सजावटीची खोकी. दुसरी, भारतवारीच्या सुटकेसी. दोन्ही बाहेर काढताना हातमोजे घाला, अंगणात उघडा, झटका, आणि मगच मुलांना हात लावू द्या. बागेतले बूट, हातमोजे घालण्याआधी उलटे करून आपटा. सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नका. पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवा, चादर जमिनीवर लोळू देऊ नका. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि हिवाळ्यात हीटिंगचं बिलही कमी होतं. भिंतीच्या कडेने चिकट कागदाचे सापळे ठेवा. त्यांनी कोळी संपत नाहीत, पण घरात नेमके कोणते आहेत हे कळतं, आणि अर्धी भीती तिथेच जाते. जळमटं फक्त दिवाळीला न काढता महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने ओढा. फवारणीवर पैसे घालवण्याआधी एवढं करून बघा.

जाता जाता, ज्यांची मुलं-भावंडं सिडनीकडे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिथल्या फनेल-वेब कोळ्याचा चावा ही खरी इमर्जन्सी. त्यावर सबंध हाता-पायाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळून, हालचाल थांबवून हॉस्पिटल गाठतात. त्याचं प्रतिविष १९८१ साली आलं आणि तेव्हापासून त्याने मृत्यू झालेले नाहीत. पण तिथल्याच रेडबॅकच्या चाव्याला, जी आपल्या ब्लॅक विडोची बहीण, पट्टी बांधत नाहीत. दुखणं उलट वाढतं. म्हणजे एका देशाचा इलाज दुसऱ्या देशात, एका कोळ्याचा दुसऱ्याला, चालत नाही.

तेव्हा मंडळी, वरचा फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर, मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावा. खाली मराठीत लिहा: "कोळी पाहिला का? नसेल, तर दुसरं कारण शोधा."

पुढच्या अंकात गॅरेजचं दार आणि त्याच्या स्प्रिंगा. तोवर त्यांना हात लावू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.